मल्टिपाथमध्ये (सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतच्या एकाहून जास्त वाटा) चारपैकी एकच पाथ सारखा पडतो आणि उठतो. स्टोरेजचा कंट्रोलर बदलावा, की नो-पाथ-रिट्राय हे मल्टिपाथचं सेटिंग वाढवावं?

दोन्ही नको. आधी एसएफपी, म्हणजे पोर्टमध्ये फायबर केबल जोडायचं छोटं मॉड्यूल, बदला.

महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये मी कंत्राटावर लिनक्स सांभाळायचे. सगळ्या सर्व्हरवर हेच: पाथची यादी दाखवणारी 'मल्टिपाथ -एलएल' कमांड मारली की एक पाथ 'फेल्ड फॉल्टी', मिनिटभरात पुन्हा 'ॲक्टिव्ह रेडी', आणि दर वेळी डेटाबेस अडखळायचा. माझं म्हणणं सरळ होतं. कंट्रोलर आजारी असता तर त्याचे दोन्ही फॅब्रिकवरचे (स्विचच्या दोन वेगळ्या जाळ्यांवरचे) पाथ पडले असते. एकच पडतोय, म्हणजे ते एक पोर्ट, त्यातली एसएफपी नाहीतर केबल. स्विचवरचे जुने आकडे पुसून पोर्टएररशो (पोर्टच्या चुका दाखवणारी कमांड) बघितलं, तर दहा मिनिटांत त्याच पोर्टचे सीआरसी (बिघडलेल्या फ्रेम्सचे आकडे) चढलेले. त्यातला जी-ईओएफचा रकाना (फ्रेम बिघडलेली, पण तिच्या शेवटची खूण शाबूत) वाढला की गडबड त्याच लिंकवर, दुसरीकडून आलेली नाही. स्टोरेजचे सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही ओएसचं बघा. अ‍ॅरे हिरवी आहे." अ‍ॅरे म्हणजे स्टोरेजची पेटी, हिरवी म्हणजे तिच्यावर एरर नाही. पण अ‍ॅरेच्या कंपनीने कंट्रोलर बदलायला सांगितल्यावर मात्र लगेच तयार!

रात्री दोनला नवा कंट्रोलर खोक्यातून निघाला. त्यात एसएफपी नव्हत्या. जुन्याच काढून बसवायच्या होत्या. इंजिनिअरने माझ्यासमोर ती एसएफपी जुन्यातून खेचली आणि नव्यात टक्कन बसवली. मी म्हटलं, "अहो, हीच ती." ऐकतोय कोण! पंचवीस मिनिटांत तोच पाथ पडला. पहाटे स्पेअर एसएफपी घातली, केबलचं टोक क्लिनरने पुसलं, त्यानंतर सीआरसी एकदाही हलला नाही. घणसोलीला ठाण्याची पहिली लोकल पकडली तेव्हा डोळे मिटत होते. दुपारी आरसीए (मूळ कारणाचा अहवाल) आला: 'कंट्रोलर बदलल्याने समस्या दूर.'

हां, एसएफपी, केबल आणि स्विचचं पोर्ट तिन्ही बदलूनही पाथ पडतच असेल, तर कंट्रोलरचं पोर्ट गेलंय, मग खुशाल बदला. आणि एकाच सर्व्हरवर एकाच एचबीएचे (सर्व्हरमधलं स्टोरेजला जोडणारं कार्ड) दोन्ही पाथ जात असतील तर अ‍ॅरेला हात लावू नका.

नो-पाथ-रिट्रायचा एक पाथ पडण्याशी काही संबंध नाही. ते सगळे पाथ गेल्यावर लागू होतं, आणि 'क्यू' (पाथ परत येईपर्यंत वाट बघत राहा) ठेवलंत तर प्रोसेस अशा लटकतात की सक्तीने बंद करणाऱ्या किल -९ नेही मरत नाहीत.

तुमच्या स्टोरेजवाल्यांकडून पोर्टएररशो मागवा. देणार नाहीत, तरी मेलवरच मागवा.