हापसा, हिवताप आणि सोळा दिवस

वडोदऱ्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा चौदा जणांचा गट जानेवारीत युगांडाला, मसाकाच्या बाजूच्या खेड्यांत, सोळा दिवसांच्या सेवेसाठी निघणार आहे. त्यासंबंधी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. महिना चांगला निवडला आहे. तिकडे मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचे दिवस असतात, तेव्हा लाल मुरमाच्या रस्त्यांवर गाड्या रुततात.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस आमच्या डॉक्टरांकडे घेतली तर चालेल का? आणि मलेरिया तर आपल्याकडेही आहे, मग गोळ्या कशाला? (फतेहगंज)

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, कारण तिथला शिक्का असलेले पिवळे कार्डच विमानतळावर मान्य होते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ते नसेल तर युगांडात प्रवेशाची अडचण होते. परतल्यावर भारतातही सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही जिवंत विषाणूची लस आहे. त्यामुळे गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे आणि साठी ओलांडलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. केंद्रांवर ठरलेल्या दिवशीच लस देतात, म्हणून निदान सहा आठवडे आधी नाव नोंदवा.

आता मलेरिया. युगांडात जवळजवळ सगळा मलेरिया फाल्सिपॅरम जातीचा असतो. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि लहानपणापासून त्याची सवय नसलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत गंभीर करतो. इथे एकदा मलेरिया होऊन गेला म्हणून तिथे संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे पूर्वी आठवड्याला एक क्लोरोक्विन घेत असत, ते तिथे कामाचे नाही. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यानंतर चार आठवडे घेतात. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. तिने उन्हात कातडीही लवकर जळते. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देत नाहीत. दुसरा पर्याय अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल : तीही रोज एक, पण परतल्यावर सातच दिवस. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. गट नेमका चुकतो तो परतल्यावर : घरी आलो, बरे वाटते, म्हणून गोळी सोडली जाते. यकृतात लपलेला परजीवी त्यानंतर रक्तात उतरतो. परतल्यापासून तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना 'आफ्रिकेहून आलो आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. शिवाय औषध लावलेली मच्छरदाणी प्रत्येकाची वेगळी हवी आणि तिची कड गादीखाली खोचलेली हवी.

प्रश्न : मी फिटर आहे. त्या गावातला हापसा बंद पडला आहे असे तिथल्या पाळकांनी कळवले. आम्ही तो दुरुस्त करू शकू का? (मकरपुरा)

करू शकाल, पण ज्या पद्धतीने तुमच्या मनात असेल, म्हणजे स्वतःच पाना हाती घेऊन, त्या पद्धतीने नको.

आधी हापसा कोणता ते फोटो मागवून पाहा. युगांडात ज्याला 'यू-टू' म्हणतात तो म्हणजे इंडिया मार्क टू, वडोदऱ्यात ज्याला सगळे डंकी म्हणतात तोच. त्याचे मूळ मराठी मुलखात आहे. घरगुती वापराचे ओतीव लोखंडाचे (बीडाचे) हापसे गावच्या बोअरवर टिकत नव्हते. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या विहिरींच्या कामातून मजबूत पोलादी हापसा घडत गेला. सोलापूरच्या त्या हापशावरून १९७०च्या दशकात युनिसेफच्या साथीने इंडिया मार्क टू तयार झाला आणि पुढे आफ्रिकेत पसरला. सोलापूरकरांनी सोडवलेला प्रश्न मसाकाजवळच्या एखाद्या आईच्या बादलीत पाणी होऊन पडतो, हे तुमच्या गटातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे आम्हाला मनापासून वाटते.

निघण्यापूर्वी पाळकांकडून फोनवर पाच गोष्टी तपासून घ्या. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणी अजिबात नाही : साखळी सुटली आहे किंवा आतली सळई तुटली आहे. पाणी येते, पण थोडे : हापसा चालू स्थितीत एका मिनिटात चाळीस वेळा हापसून बादलीत पाणी घ्या, दहा लिटरही भरले नाही तर सिलिंडरमधले (खाली बोअरमधल्या, पाणी उचलणाऱ्या नळकांड्यातले) दट्ट्याचे कप वॉशर झिजले आहेत. अर्धा तास थांबवून पुन्हा हापसल्यावर पाणी यायला पाचापेक्षा जास्त झटके लागतात : खालचा व्हॉल्व्ह किंवा पाइप गळतो आहे. आणि पाणी तांबूस, लोखंडाच्या चवीचे आहे का? असेल तर भूजल आम्लधर्मी आहे आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आतून खात आहे. तिथे नवे जीआय पाइप घालणे म्हणजे पैसे पाण्यात. पीव्हीसी पाइप आणि स्टेनलेस सळया असलेला प्रकार बसवावा लागतो, आणि तो निर्णय जिल्ह्याच्या पाणी कार्यालयाचा आहे. सुरुवातीला पाणी येऊन मग नुसती हवा येत असेल तर बोअरची पातळी खाली गेली आहे. त्यावर पान्याने इलाज नाही.

कप वॉशर बदलायला मार्क टूमध्ये सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. तीस मीटर खोलीला तीन-तीन मीटरचे दहा पाइप, आत बारा मिलिमीटरच्या सळया आणि पाइपात भरलेले पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जाते. पाच माणसे, पाइप उचलण्याचे लिफ्टर आणि आपोआप घट्ट होणारा क्लॅम्प एवढे नसेल तर हात लावू नका. चिंधी गुंडाळून पान्याने धरलेला पाइप निसटतो, बोअरमध्ये पडतो आणि दुरुस्त होणारा हापसा कायमचा जातो. काढलेले पाइप मातीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर ठेवा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. एखादा आटा खाल्लेला दिसला तर तो पाइप परत घालू नका, कारण तुटतो तो तिथेच.

जोडणी झाल्यावर बोअर निर्जंतुक करायचे राहून जाते, आणि नेमके आपल्या हातांनी आत गेलेले जंतू गावाला बाधतात. सहा इंची बोअरमध्ये तीस मीटर पाणी उभे असेल तर ते साधारण ५५० लिटर. त्याला ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर ८० ते ८५ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी बोअरमध्ये ओता, दांडा दोरीने बांधा आणि रात्रभर थांबा. सकाळी वास जाईपर्यंत हापसून ते पाणी बाहेर सोडा. पावडर उघड्या पिशवीतली जुनी असेल तर तिच्यात जोर उरलेला नसतो, म्हणून बंद डबा घ्या.

एवढे सगळे सांगूनही पान्याचा पहिला हक्क तिथल्या हापसा-मेकॅनिकचा. बहुतेक तालुकावजा विभागांत असा माणूस असतो आणि गावात पाणी वापरणाऱ्यांची समितीही असते. ती घरटी थोडी वर्गणी गोळा करते, निदान करायला हवी. गेल्या गेल्या गावच्या एलसी-वन (गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेच्या) अध्यक्षांना भेटा, त्यांच्याकडून समितीला बोलावून घ्या आणि मेकॅनिकला त्याची ठरलेली मजुरी द्या. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा. कप वॉशरचा एक संच वडोदऱ्याहून नेला तर तो बसेल, मापे तीच आहेत. पण दुसरा संच समितीच्या खजिनदाराला सोबत घेऊन मसाका किंवा कंपालाच्या दुकानातून त्यांच्याच हातून विकत घ्यायला लावा. दोन वर्षांनी वॉशर पुन्हा झिजतील. तेव्हा दुकान कुठे आणि किंमत किती हे गावाला माहीत हवे. वर्गणीची वही बंद पडलेली असेल तर ती आधी सुरू करायला सांगा, हापसा नंतर उघडा. हे कठोर वाटेल, पण वहीशिवाय जोडलेला हापसा पहिल्याच बिघाडात पुन्हा बंद पडतो.

प्रश्न : आमच्या महिला संघाने जुने कपडे आणि डॉक्टरांकडून मिळालेली नमुन्याची औषधे जमवली आहेत. किती वजन नेता येईल? (दांडिया बाजार)

दोन्ही इथेच ठेवा. जुन्या कपड्यांचा युगांडात मोठा बाजार आहे, गाठीच्या गाठी तिथे पोहोचतात. तुमच्या सामानाच्या वजनाचे जे पैसे वाचतील, त्यात गावच्या शिंप्याकडून शाळेचे गणवेश शिवून घ्या. मुलांना नवे कपडे मिळतील आणि शिंप्याला काम.

औषधांचे तर कायद्याचे कारण आहे. तिथे औषध आयातीवर राष्ट्रीय औषध प्राधिकरणाचे नियंत्रण असते. दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचताना निदान एक वर्ष शिल्लक असावी असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि नमुन्याच्या पट्ट्या दानात चालत नाहीत. गटातला डॉक्टरही तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या तात्पुरत्या नोंदणीशिवाय रोगी तपासू शकत नाही. गावाजवळच्या आरोग्य केंद्राला विचारा, ते सांगतील ती वस्तू कंपालात घ्या. ओआरएसची पुडी संपली तर काय, हे मात्र आयांना दाखवून या : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडले तर मुलाला अपाय होतो, म्हणून प्रत्येकीकडून स्वतःच्या हाताने एकदा करवून घ्या.

प्रश्न : शेवटच्या रविवारी व्हिक्टोरिया सरोवरात बाप्तिस्मा आहे. आमच्या तरुणांनी पाण्यात उतरावे का? उपदेशही करायचा आहे. (कारेलीबाग)

उतरू नये. सरोवराच्या काठच्या उथळ, लव्हाळ्यांच्या पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारे बिलहार्झिया या रोगाचे सूक्ष्म जंत मिनिटांत कातडीतून शरीरात शिरतात. विधी तिथले पाळक करतात. तुम्ही काठावर उभे राहून गा. कोणी उतरलेच तर लगेच टॉवेलने अंग खसखसून पुसावे आणि परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करावी. लवकर केलेल्या तपासणीत अंडी दिसत नाहीत. औषध प्राझिक्वांटेल, वजनाच्या किलोला ४० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

उपदेशाबद्दल. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे लोक युगांडात १८७७ साली पोहोचले. लुगांडा भाषेतले संपूर्ण बायबल १८९६ पासून आहे. जून महिन्यात कंपालाजवळच्या नामुगोंगोला जिथे यात्रा भरते, तिथे १८८६ साली तरुण ख्रिस्ती मुलांनी विश्वासासाठी प्राण दिले. तुम्ही तिथे पहिले शुभवर्तमान घेऊन जात नाही आहात. पाहुणे म्हणून बोला. दुभाष्यामुळे वेळ निम्मा होतो, म्हणजे वीस मिनिटांचा उपदेश दहा मिनिटांचाच लिहा. एका दमात एकच वाक्य. तुकोबांचा अभंग किंवा म्हण दुभाष्याच्या तोंडून पोहोचत नाही, शास्त्रवचन मात्र पोहोचते, कारण तो त्याच्या बायबलमधून थेट वाचतो. संदर्भ आदल्या रात्री त्याला लिहून द्या.

प्रश्न : खर्च मंडळीच्या ट्रस्टमधून करावा का? (सयाजीगंज)

भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर ट्रस्टला आयकराची सवलत साधारणपणे मिळत नाही, त्यासाठी आयकर मंडळाची वेगळी मान्यता लागते. प्रत्येकाने आपला प्रवास स्वतः भरावा आणि सनदी लेखापालाशी आधी बोलावे. डॉलर न्याल तर नव्या छपाईच्या शंभराच्या नोटा न्या. जुन्या नोटा तिथे नाकारतात आणि लहान नोटांना दर कमी मिळतो. खेड्यात मजुरी आणि सामानाचे पैसे मोबाइल मनीने द्या, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा संदेश फोनवर राहतो. हापशाचे पैसे समितीच्या खजिनदाराला सगळ्यांसमोर द्या आणि त्यांच्या वहीत लिहिलेले पाहूनच उठा.