पाण्यात चाललं, रसात चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: निफाडची मुलगी, नाशिकला बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, घरी द्राक्षबाग. मोबाइलवर रोज बातम्या येतात. अमुक विद्यापीठाने नॅनो कणांनी कॅन्सरची गाठ विरघळवली, तमुक ठिकाणी एआयने नवं अँटिबायोटिक शोधलं, कुठे मेंदूसारखी चालणारी चिप झाली. यातलं खरं किती, आणि पुढे नॅनो, बायोमेडिकल की कॉम्प्युटर? शिवाय तिच्या मामांना लिम्फोमा (रक्तातल्या लिम्फ पेशींचा कॅन्सर) आहे आणि नातेवाईक कुठल्यातरी 'सोन्याच्या नॅनो औषधा'चा मेसेज फिरवतायत, त्याचं काय करायचं? वरती बऱ्याच जणांनी "डोळे झाकून कॉम्प्युटर घे" म्हणून हात झटकलेत. मामांबद्दल तर कोणी बोललंच नाही.

मी नाशिकमध्येच द्राक्षांच्या रेसिड्यू टेस्टिंगमध्ये, म्हणजे फवारलेल्या औषधांचे उरलेले अंश मोजण्यात, बरीच वर्षं काम करते. संशोधक नाही, पण संशोधकांनी काढलेल्या पद्धती रोज वापराव्या लागणाऱ्यांपैकी आहे. म्हणून अशी बातमी आली की मी आधी एवढंच बघते की प्रयोग कशात केला. शुद्ध पाण्यात, की ज्यात शेवटी वापरायचाय त्यातच?

का, ते सांगते. सीझनमध्ये दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून सॅम्पल येतात. घड अख्खे वाटून घ्यायचे, त्यातला १० ग्रॅम लगदा, तेवढंच इथाइल अ‍ॅसिटेट, सोडियम सल्फेट, हलवायचं, सेंट्रिफ्यूज, मग पावडरने क्लीन-अप आणि शेवटी एलसी-एमएसएमएस, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखणारं आणि मोजणारं मशिन. युरोपात फवारणीच्या ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. आता गंमत अशी की तेच औषध, त्याच प्रमाणात, नुसत्या सॉल्व्हंटमध्ये टाकून मशिनला दिलं तर एक आकडा येतो आणि द्राक्षाच्या अर्कात टाकून दिलं तर दुसरा. साखर, आम्लं, रंगद्रव्यं मधे लुडबुड करतात. याला आम्ही मॅट्रिक्स इफेक्ट म्हणतो. म्हणून तुलनेचं स्टँडर्डसुद्धा औषध न मारलेल्या द्राक्षाच्या अर्कातच बनवतात. आणि पद्धत खरी धरायची तर माहीत असलेलं औषध मुद्दाम रसात टाकून त्यातलं ७० ते १२० टक्के परत सापडलं पाहिजे. हा आकडा लक्षात ठेव.

आता नॅनो. सोन्याच्या कणांवर कीटकनाशक ओळखणाऱ्या पट्ट्या आणि रंग बदलणारी द्रावणं यांवर जगभरच्या विद्यापीठांतून ढिगाने पेपर निघालेत. तत्त्व सुंदर आहे. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण सुटे असले की द्रावण लालबुंद दिसतं, चिकटून गोळा झाले की निळसर-जांभळं. ठरावीक रसायन आलं की कण चिकटतील अशी सोय केली की झाला सेन्सर. पण साध्या सायट्रेटवर (सायट्रिक आम्लाच्या क्षारावर)  बनवलेल्या सोन्याच्या कणांना चिकटायला कीटकनाशकाचीच गरज नसते. मीठ पुरतं, आम्ल पुरतं. द्राक्षाच्या रसात दोन्ही आहेत. मग औषध असो नसो, पट्टी म्हणते 'आहे'. पेपर खोटा नसतो. तो पाण्यातला असतो किंवा फार तर रस शंभरपट पातळ करून केलेला असतो, आणि बातमी देणारा नेमकी तीच ओळ गाळतो. म्हणून कोटीच्या घरातली मशिन्स अजून आमच्याकडे धडधडतायत. २०१० साली लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती ते घरी विचार, वडिलांना नक्की आठवत असेल. तेव्हापासून पट्टीवर विसंबून कंटेनर भरायची कोणाची छाती नाही.

नॅनो म्हटलं की आपल्या भागात आधी नॅनो युरिया आठवतो, म्हणून जाता जाता एक हिशेब. २०२१ मध्ये बाजारात आलेली बाटली ५०० मिलिची, नायट्रोजन ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांनी जवळपास २१ किलो. दावा होता की ती बाटली गोणीची जागा घेईल. कण कितीही बारीक करा, पिकाला नायट्रोजन लागतो तो किलोत. पुढे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने शेतावर चाचण्या घेतल्या तेव्हा गहू आणि भाताचं उत्पादन घटलेलं दिसलं, आणि २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाव्यामागच्या शास्त्रावरच प्रश्न उभे केले. नंतर जास्त नायट्रोजनची बाटली आली, तरी हिशेब ग्रॅमातच राहतो. हे तपासायला पीएच.डी. लागत नाही, बाटलीवरचं लेबल आणि गुणाकार पुरतो.

शरीरात गेलं की हाच मॅट्रिक्स आणखी अवघड होतो. रक्तात नॅनो कण सोडला की क्षणात त्याच्यावर प्रथिनांचा थर बसतो. डिशमधल्या पेशींसमोर जो कण होता तो इथे उरतच नाही. त्यात यकृत आणि प्लीहेतल्या पेशी असले कण उचलून गिळण्यासाठीच बसलेल्या. २०१६ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले. टोचलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्या हिश्शाचा मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधला) निघाला ०.७ टक्के. आमच्याकडे रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं परत सापडणं, ७० टक्क्यांच्या खाली गेली की पद्धत नापास, इथे एक टक्कासुद्धा नाही. तोवर सगळे धरून चालले होते की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, कण आपोआप आत झिरपतात. याच गटाने २०२० मध्ये उंदरांच्या गाठींत दाखवलं की बहुतेक कण फटींतून जातच नाहीत, वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी त्यांना स्वतः आत नेतात. म्हणजे कण किती बारीक करायचा यावर घातलेल्या श्रमांतला बराच भाग चुकीच्या दारावर टकटक करण्यात गेला.

पण म्हणून 'नॅनो म्हणजे थापा' असंही म्हणू नकोस. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरून देणं अमेरिकेत १९९५ पासून मंजूर आहे. त्याचा मोठा फायदा गाठीपेक्षा हृदयाला झाला, कारण मूळ औषध हृदयाला घातक ठरतं.

मला या सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट मात्र लिपिड नॅनो कणांची आहे. चरबीच्या कणात आरएनए (पेशीतल्या प्रथिननिर्मितीवर ताबा ठेवणारा रेणू) भरून रक्तात सोडलं की रक्तातलं अपो-ई नावाचं प्रथिन त्याला चिकटतं. या प्रथिनाला यकृताच्या पेशी ओळखतात आणि कण ओढून आत घेतात. बाकीचे लोक यकृत कसं चुकवायचं याची डोकेफोड करत होते, यांनी यकृताचेच आजार हातात घेतले. २०१८ मध्ये अशा कणातून दिलेलं पॅटिसिरान हे औषध मंजूर झालं, यकृतात तयार होणाऱ्या एका सदोष प्रथिनाच्या आनुवंशिक आजारासाठी. त्याच घराण्यातले कण पुढे कोव्हिडच्या एमआरएनए लसीत आले. त्या लसीमागचं कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं मूळ काम २००५ चं, नोबेल २०२३ चं. आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाला खास त्याच्याच जनुकातली एक चूक दुरुस्त करणारं औषध दिलं गेलं. अमोनिया साठत जाणारा यकृताचा आजार. औषध साधारण सहा महिन्यांत तयार झालं आणि दिलं ते याच लिपिड कणांतून. 'बरं झालं' असं तिथले डॉक्टरही म्हणत नाहीत. प्रथिनं जास्त सोसायला लागली, बाकीची औषधं कमी झाली, एवढंच म्हणतात. मला हे 'एवढंच' फार विश्वासाचं वाटतं.

मामांबद्दल. मेसेजमधल्या औषधाचं नाव सीटीआरआय या सरकारी नोंदणीत शोध. भारतात होणारी माणसांवरची चाचणी तिथे नोंदवणं २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदच नसेल तर भारतात त्याची माणसांवर रीतसर चाचणी झाल्याचा पुरावा नाही, मेसेजवर विश्वास ठेवू नका. उलट खरोखर विद्यापीठातून बाहेर आलेलं आपलं एक उदाहरण आहे: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत द्यायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती बी-पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी, तेही आधीचे उपचार थकल्यावर. परदेशातल्यापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी लाखांत जाते. मामांना बसते का हे त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, आणि चालू केमो कुठल्याही मेसेजसाठी थांबवू नका.

कॉम्प्युटरवाल्यांना वाटतं त्यांच्याकडे मॅट्रिक्स नसतो. असतो, डेटा हाच त्यांचा मॅट्रिक्स. २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या माउंट सिनाईतल्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल तपासलं. स्वतःच्या हॉस्पिटलांच्या एक्स-रेवर ते छान चालायचं, बाहेरच्या एक्स-रेवर ढेपाळायचं. खोलात गेल्यावर कळलं की एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा, कुठल्या विभागाचा हे मॉडेलला जवळपास अचूक ओळखता येतं. एका ठिकाणी न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, दुसरीकडे कमी, मग फुप्फुस कशाला बघायचं? मुंबईत शिकवलेलं असं मॉडेल कळवणच्या ग्रामीण रुग्णालयातल्या जुन्या मशिनच्या फिल्मवर काय करेल, ते तिथे लावून बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

अँटिबायोटिकची बातमी बहुतेक एमआयटीच्या हॅलिसिनची असेल, २०२० ची. सुमारे अडीच हजार रेणूंवर मॉडेल शिकवलं आणि त्याने मूळ मधुमेहासाठी पाहिलेला एक रेणू उचलला, जो जीवाणूंवर आणि उंदरांत चालला. शोध खरा, औषध अजून नाही. प्रथिनांच्या रचनेचं काम त्याहून पक्कं आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉशिंग्टन विद्यापीठाचे डेव्हिड बेकर आणि गूगल डीपमाइंडचे हसाबिस व जम्पर यांना मिळालं. हसाबिस-जम्पर यांचं अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिनाची रचना ओळखणारं मॉडेल, उभं राहिलं ते प्रयोगशाळांनी कित्येक दशकं क्ष-किरणांनी एकेक रचना काढून सार्वजनिक ठेवल्या होत्या म्हणून. म्हणजे कॉम्प्युटरचं नाव झालं, पण खालचा पाया केमिस्टांनी ओल्या हातांनी घातलेला.

मेंदूसारखी चिप म्हणजे बंगळुरूच्या आयआयएससीची, सप्टेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेली. धातू-सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरात विद्युतवाहकतेच्या १६,५०० वेगवेगळ्या पातळ्या साठवता येतात, जिथे नेहमीच्या डिजिटल बिटला दोनच माहीत. रेणू बनवणारे, थर देणारे आणि सर्किट काढणारे एकत्र बसल्याशिवाय हे झालंच नसतं. तुझ्या तीन पर्यायांपैकी हे नेमकं कशात मोडतं, तूच सांग.

तेव्हा माझं मत: केमिस्ट्री सोडू नकोस. त्याच्या जोडीला पायथन आणि स्टॅटिस्टिक्स नीट शिक, नुसत्या सर्टिफिकेटपुरतं नको. कोड लिहिणारे गल्लोगल्ली सापडतात, पण मशिनच्या आलेखातला एखादा पीक (टोक) खरा की मॅट्रिक्सचा हे ओळखून कोड लिहिणारं माणूस शोधायला आम्हाला घाम फुटतो.

प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर एक सुचवते. तुळस, कडुनिंब, शेवगा, द्राक्षाची साल यांच्या अर्कातून चांदीचे नॅनो कण बनवणं सगळ्याच कॉलेजांत होतं. द्रावण तपकिरी झालं, यूव्हीवर (द्रावण कुठला प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४२० नॅनोमीटरच्या आसपास पीक आला, फोटो काढला, बाइंडिंग केलं. तू तिथून पुढे सुरू कर. तेच द्रावण एका नळीत डिस्टिल्ड पाण्यात, दुसरीत तुमच्या बोअरच्या पाण्यात, तिसरीत गाळलेल्या द्राक्षरसात टाक. लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रम घे. बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडने बहुधा पीक खाली येईल, पसरेल. रसात काय होईल ते मी सांगत नाही. सर कदाचित म्हणतील, "बिघडलं, परत कर." परत करू नकोस, तेच मांड. नळ्या आणि यूव्ही एवढंच लागतं, ते तुमच्या कॉलेजात असणारच.

पुढच्या शिक्षणासाठी नुसत्या 'नॅनो' नावाच्या महागड्या कोर्सला भुलू नकोस. प्रवेशाआधी विचार की टीईएम, एक्सआरडी, डीएलएस (नॅनो कणांचा आकार आणि रचना बघणारी यंत्रं) यातलं स्वतःचं काय आहे आणि विद्यार्थ्याला मशिनवर बसू देतात की नुसता रिपोर्ट हातात देतात. याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर फी भरू नकोस. आयआयटी मुंबई आणि आयआयएससी बाहेरच्या विद्यार्थ्यांना नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा वापरायला देतात, इनअप नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, तो एम.एस्सी.ला गेल्यावर बघ. आत्ता जॅम (एम.एस्सी. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) दे. त्यातून आयआयटी आणि आयआयएससीची दारं उघडतात आणि केमिस्ट्रीतून आत गेलीस तरी तिथे तिन्ही बाजूंचं काम करता येतं. अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन तुमच्या काढणीच्या गर्दीत. घरी आत्ताच सांगून ठेव.