दीर्घिका, आकाशगंगा आणि 'सर्वांत जुनी' अलकनंदा

फोंड्याच्या एका वाचकबाईंनी विचारले आहे: "अलकनंदा नावाची नवी आकाशगंगा सापडल्याचे वाचले. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र अशाच गोष्टीला दीर्घिका म्हटले आहे. आकाशगंगा तर एकच ना? मग बरोबर काय? आणि दीर्घिका हा शब्द समितीत बसून घडवल्यासारखा का वाटतो?"

बाई, बरोबर तुमच्या मुलीचे पुस्तक आहे. अब्जावधी तारे, वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधून ठेवणारी जी रचना, तिचे जातिवाचक नाव दीर्घिका. त्यांतल्या ज्या एकीत आपण राहतो तिचे विशेषनाव आकाशगंगा. मांडवी ही नदी आहे, म्हणून जुवारीला कुणी 'दुसरी मांडवी' म्हणत नाही. 'अब्जावधी आकाशगंगा' हा प्रयोग मात्र इतका रुळला आहे की त्याला अशुद्ध ठरवून काही साधणार नाही. बोलताना खुशाल वापरावा. पण 'आकाशगंगेचा व्यास सुमारे 1 लाख प्रकाशवर्षे' असे वाक्य आले की वाचकाने विचारावे, कुठल्या? लिहिताना हा घोळ टाळता येत असेल तर का टाळू नये?

घडवल्यासारखा वाटतो, हे कबूल. पण शब्द जुना आहे आणि तो पाण्यातून आला आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे, लांबट विहीर. अमरकोशात 'वापी तु दीर्घिका' असे सरळ दिले आहे. मंगेशीच्या किंवा नागेशीच्या देवळापुढची तळी पाहून कुणी तिला दीर्घिका म्हटले तर संस्कृतच्या मास्तरांनी गुण कापू नयेत. गंमत पुढे आहे. त्याच अमरकोशात स्वर्गातल्या गंगेची नावे एका ओळीत येतात: 'मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका'. वियत् म्हणजे आकाश, तेव्हा वियद्गंगा हीच आपली आकाशगंगा. आणि तिच्या शेजारी सुरदीर्घिका, देवांची दीर्घिका. म्हणजे ज्या दोन शब्दांत आपण भांडण लावतो आहोत, ते दोघे एका ओळीत नांदत आले आहेत. ग्रीकांनी आकाशातल्या त्या पट्ट्यात दूध पाहिले, त्यांच्या 'गाला' म्हणजे दूध या शब्दावरून गॅलॅक्सी आला. आपल्याकडच्यांनी पाणी पाहिले. मला पाणी जास्त पटते.

आता अलकनंदा. हे नाव कसे पडले ते कळण्यासाठी याच ओळीतला पहिला शब्द हवा. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात. मराठीत मंदाकिनी म्हटले की आधी कुणाची तरी आत्या आठवते, त्यामुळे बातमीतला हा धागा आपल्या वाचकांच्या हाती लागला नसावा. हिमालयात मंदाकिनी नदी रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते, आणि पुढे देवप्रयागला अलकनंदा भागीरथीला मिळून गंगा होते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत एक सर्पिलाकार दीर्घिका सापडली. दोन ठसठशीत भुजा, मधे फुगीर गाभा, रूप थेट आपल्या मंदाकिनीसारखे. म्हणून तिच्या बहिणीचे नाव. 2025च्या नोव्हेंबरात हे काम प्रसिद्धीला आले.

नाव बाजूला ठेवले तरी ती नवल वाटण्याजोगीच आहे. विश्वाचे वय आज सुमारे 13.8 अब्ज वर्षे. अलकनंदेचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचला तो निघाला तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे होते. इतक्या लवकर दीर्घिका ओबडधोबड, विस्कटलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा होती. फिरती चकती स्थिरावायची आणि तिच्यात भुजा उमटायच्या, याला बराच काळ लागतो असा समज होता. अलकनंदा सुमारे 30 हजार प्रकाशवर्षे रुंद आणि नीटनेटकी. ती दिसली याला एक मदतनीसही आहे: आबेल 2744 नावाचा दीर्घिकांचा प्रचंड गुच्छ आपल्या आणि तिच्या मधे आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने तिचा प्रकाश वाकून उजळ झाला. याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. हा शब्द मात्र मराठीत छान बसला आहे, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मला खटकते ती हीच. अशा बातम्यांच्या मथळ्यात 'सर्वांत जुनी आकाशगंगा' असे हटकून येते. मॉम-झेड14 या दीर्घिकेविषयीही 2025 मध्ये तसेच छापले गेले. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाच्या जन्माला अवघी 28 कोटी वर्षे झाली होती. म्हणजे आपण पाहतो आहोत ते एक पोर, आणि मथळा म्हणतो जुनी! प्रकाश जुना आहे, दीर्घिका नव्हे. खरी वयस्क ताऱ्यांनी भरलेली दीर्घिका पाहायची तर ती आपल्या शेजारीपाजारीच मिळेल. 'आद्य दीर्घिका' लिहावे, किंवा साधे 'सर्वांत आधीच्या काळातली'. दोन शब्द वाढतील, उपसंपादकाने तेवढे सोसावे.

गुच्छ हा शब्द वर वापरला, त्याचेही सांगायला हवे. काही जण 'दीर्घिकासमूह' लिहितात. चूक नाही, पण अडचण अशी की मराठीत तारकासमूह म्हणजे कन्या, मीन, ययाति यांसारख्या आकृत्या. त्यांतल्या ताऱ्यांचा एकमेकांशी बहुधा काही संबंध नसतो. कुणी शंभर प्रकाशवर्षांवर, कुणी हजारावर, फक्त आपल्याला एका दिशेला दिसतात. उलट जे तारे खरोखर एकत्र बांधलेले, त्यांना आपण तारकागुच्छ म्हणतो, कृत्तिकेसारखे. मग गुरुत्वाकर्षणाने एकमेकींना धरून असलेल्या शेकडो-हजारो दीर्घिकांनाही गुच्छ म्हणणे सोयीचे. 'कन्या समूह' म्हटले तर मी राशीकडे बघू की तिच्या दिशेला पाच-साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या गुच्छाकडे?

ययाति गुच्छाचे उदाहरण घ्या. अंतर सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षे. त्यात दीर्घिका हजारभर असल्या तरी साध्या पदार्थाचा मोठा वाटा त्यांच्यात नाहीच. तो त्यांच्या मधल्या पोकळीत पसरलेल्या, कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूत आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, क्ष-किरणांत झळकतो. अवकाशातल्या चंद्रा क्ष-किरण वेधशाळेने 2003 मध्ये त्या वायूत तरंग पाहिले. मधल्या दीर्घिकेच्या कृष्णविवराने ढकललेल्या ध्वनिलहरी त्या. त्यांचा सूर माणसाच्या कानांच्या पट्टीपेक्षा कितीतरी सप्तके खाली. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून, चंद्राशी त्याचा संबंध नाही. हे गोव्यातल्या एका व्याख्यानानंतर मला दोनदा समजावून सांगावे लागले आहे.

गुच्छांच्याही वरची पायरी आहे, आणि तिथे मी 'समूह' हा शब्द आनंदाने परत घेतो. पुण्याच्याच आयुका आणि आयसर या संस्थांच्या संशोधकांनी 2017 मध्ये मीन राशीच्या दिशेला गुच्छांची एक महाकाय रांग ओळखली आणि तिला सरस्वती नाव दिले. अंतर सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे, विस्तार 60 कोटींचा. (नद्यांची नावे संपत नाहीत तोवर पुणेकरांना अडवणार कोण? कधीतरी म्हादईचीही पाळी येवो.) अशा रचना साधारणपणे सगळ्याच्या सगळ्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या नसतात. विश्वाच्या प्रसरणात त्यांचे लांबचे भाग एकमेकांपासून दूर जातच राहतात. म्हणून महागुच्छापेक्षा महासमूह बरा.

बाईंनी शेवटी एका ओळीत विचारले आहे की 'उच्च ऊर्जेचे स्रोत' म्हणजे खूप तेजस्वी वस्तू का. नाही. इथे ऊर्जा मोजतात ती येणाऱ्या एकेका कणाची किंवा प्रकाशकणाची. वस्तू फार फिकी असूनही तिच्याकडून येणारा एखादा कण भयंकर जोराचा असू शकतो. 2021 मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातल्या शोधकांनी असा एक कण नोंदवला, त्याला जपानी सूर्यदेवतेवरून अमातेरासू म्हणतात. तो आला त्या दिशेला पाहिले तर फारसे काही नाहीच, जवळजवळ रिकामी पोकळी. अशा कणांना आपण 'वैश्विक किरण' म्हणतो आणि तिथे शब्द खरोखरच फसवतो: ते किरण नसून बहुतांशी प्रोटॉन आणि अणुकेंद्रे आहेत. विद्युतभार असल्याने वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत ते वळतात, म्हणून उगमाचा पत्ता हरवतो. किरण सरळ आला असता. 1912 मध्ये व्हिक्टर हेस फुग्यातून वर गेला आणि उंचीबरोबर प्रारण (रेडिएशन) वाढते असे त्याने दाखवले, तेव्हा ते काय आहे हे ठाऊक नव्हते. तेव्हाचे नाव चिकटले ते चिकटलेच. मराठीत 'वैश्विक कण' असे लिहायला काहीच हरकत नाही, मी तसेच लिहितो.

शुद्धलेखनाचे एवढेच: दीर्घिका. मूळ 'दीर्घ' असल्याने दी दीर्घ, 'र्घि' ऱ्हस्व. अनेकवचनही दीर्घिकाच, 'दीर्घिकांचा गुच्छ'. मुलीच्या वहीत 'दिर्घिका' असेल तर तेवढे दुरुस्त करून घ्या.