रताळं, भाकरी आणि पोटातली वस्ती

प्रश्न : ताई, माझं वय ४१. दोन वर्षांत वजन ९ किलोंनी वाढलं. दुकानदारानं फायबरची पावडर दिली, म्हणाला पोटातले चांगले जिवाणू वाढतात आणि चरबी उतरते. आठ दिवसांत पोट टम्म फुगलं, म्हणून बंद केली. आमच्या रानात रताळी पिकतात, पण घरचे म्हणतात त्यानंच वजन वाढतं. खरं काय?
– एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : पावडर थांबवलीत, बरं केलंत. पण पोट का फुगलं ते समजून घ्या. भाकरीतला कोंडा, पेरूतलं पेक्टिन, कांदा-लसणातलं इन्युलिन, मेथीदाण्यांचा बुळबुळीत चीक ही सगळी वनस्पतींची लांबलचक साखळीची साखर, म्हणजेच फायबर किंवा तंतू. ती तोडणारे पाचक रस आपल्याकडे नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू तिला आंबवतात, जसं आपण रात्री नाचणीचं आंबील आंबवतो. त्यातून वायू होतो. त्यांना एकदम ढीगभर खाणं मिळालं, म्हणून तुम्हाला त्रास झाला.

वायूबरोबर ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लंही तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. या आम्लांमुळे आतड्यातून 'पोट भरलं' असं मेंदूला कळवणारी संप्रेरकंही सुटतात. वजनाशी संबंध इथं येतो.

२०१३ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेनं एक लठ्ठ, एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर चरबी जास्त चढली. मग दोन्ही उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तर सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांत शिरले आणि चरबी वाढायची थांबली. पण हे घडलं ते कमी चरबीचं, भरपूर तंतूंचं खाणं असताना. तेलकट, तंतू नसलेल्या खाण्यावर ते जिवाणू रुजलेच नाहीत. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. उंदरांवरून माणसांचं सगळं ठरत नाही, पण डब्यातल्या एकाच पावडरीवर माझा विश्वास का नाही, ते यातून कळेल.

आता रताळं. मी खानापूरकडची. नवरात्रात आई चुलीच्या राखेत रताळी भाजायची आणि उरलेली सकाळी गार खायला द्यायची. उकडून गार केलेल्या रताळ्यातला, भातातलाही, थोडा स्टार्च पचायला कठीण होतो आणि जिवाणूंच्या वाट्याला जातो. तुम्ही स्वच्छ धुऊन, उकडून, सालीसकट मध्यम एक खा. मात्र भाताऐवजी, भातासोबत नको. साबुदाणा, तळलेले काप आणि गूळ घातलेली खीर यांत रताळ्याचा दोष नाही. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. एका जेवणात ज्वारीची, एकात नाचणीची भाकरी, हुलग्यांचं माडगं, गवारीची भाजी, पेरू. पण दर आठवड्याला एकच पदार्थ वाढवा आणि पाणी भरपूर प्या. आतल्या वस्तीला नव्या खाण्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. वजन सावकाश उतरेल. तेल, साखर आणि बसून राहणं तसंच ठेवलंत तर उतरणार नाही.

आणि दोन वर्षांत ९ किलो म्हणजे थायरॉईड व रक्तातली साखर एकदा तपासून घ्याच. पहिली चाचणी याच महिन्यात करा.