केमोआधी चूर्ण की स्पर्म बँक?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय २६) वृषणाचा कर्करोग आहे. एक वृषण काढलं, पुढच्या आठवड्यात बीईपी या केमोच्या तीन सायकल सुरू होतील. पुढे मूल होण्यात अडचण येऊ नये म्हणून नातेवाइकांनी अश्वगंधा, कलौंजीचं तेल आणि कर्क्युमिनच्या (हळदीतल्या घटकाच्या) कॅप्सूल सुचवल्यात. सुरू कराव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नको. या तिन्हींवर प्रयोग झालेत, पण बहुतेक उंदरांवर. केमोची औषधं टोचलेल्या उंदरांच्या वृषणांची हानी कमी झाली, एवढंच जाहिरातीत छापतात. त्या उंदरांना बहुधा कर्करोग नसतोच, त्यामुळे गाठीवरचा मारा बोथट झाला का, ते कळत नाही. माणसांत केमोच्या काळात यांनी शुक्राणू वाचतात हे सिद्ध झालेलं नाही. बीईपीतलं ब्लिओमायसिन तर ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करूनच पेशी मारतं. ही तिन्ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे रेणू शमवणारी; ती नेमकी तिथे आडवी येऊ शकतात. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मधेच यकृताचे रिपोर्ट बिघडले, तर दोष औषधाचा की चूर्णाचा हे ठरेनासं होतं आणि सायकल लांबते. आमटीभाजीतली हळद चालेल.

हातातला आठवडा वीर्य गोठवण्यासाठी वापरा. कर्करोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आजच स्पर्म बँकेला फोन करा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या लागतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन नमुने द्यावेत. तेवढा वेळ नसेल तर एकच, पण पहिल्या सलाईनच्या आधी. नंतरच्या शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते. थुंकी, तेल, क्रीम काही लावू नये, शुक्राणू मरतात. नमुना घरून न्यायचा तर तासाभरात, डबी अंगाच्या उबेत ठेवून. गोठवायचाच आहे म्हणून काही जण ती बर्फात घालून आणतात आणि नमुना वाया जातो. गोठवण्याचं काम बँकेचं, तेही उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये.

या कर्करोगात शुक्राणूंची संख्या बऱ्याचदा मुळातच कमी असते. तरी नमुना ठेवाच. इक्सीमध्ये (प्रयोगशाळेत शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीत) एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू पुरतो. एकही दिसला नाही, तर उरलेल्या वृषणातून काढता येईल का, हे युरॉलॉजिस्टना विचारा. साठवणुकीचं भाडं वेळेवर भरा.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे केमो संपताच केलेली तपासणी निराशच करते. तीन सायकलनंतर बऱ्याच जणांचे शुक्राणू दोन ते पाच वर्षांत परत येतात. केमो चालू असताना आणि नंतर निदान वर्षभर कंडोम वापरावा. पहिली वीर्यतपासणी त्यानंतर.