वर्गात गटाने प्रेझेंटेशन देताना तुम्हाला काय शिकायला मिळालं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा पाच जणांचा गट आहे, विषय ठरलाय, स्लाइड वाटून झाल्यात आणि आता पुढे काय ते कळत नाही. माझं म्हणणं, ती वाटणी आत्ताच थांबवा.

एम.ए.ला भूगोल घेतला तेव्हा आमच्या गटाकडे 1967 चा कोयना भूकंप आला होता. धरणाची माहिती एकाकडे, नुकसान दुसऱ्याकडे, कारणं तिसरीकडे, असं वाटप होणारच होतं. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने विचारलं, "पण आपण वर्गाला नक्की सांगणार काय?" त्यावर बराच वाद झाला आणि शेवटी एकच प्रश्न उरला: धरणात पाणी साठवल्यामुळे हा भूकंप झाला का? प्रश्न ठरल्याबरोबर जमवलेली निम्मी माहिती आपोआप गळाली. वीजनिर्मितीचे आकडे आणि प्रकल्पाचे टप्पे गेले. साठा सुरू झाल्यावर थोड्याच काळात परिसरात हादरे जाणवू लागले होते, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा धक्का बसला, सुमारे 180 माणसं गेली, आणि तोवर हा भूभाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता, एवढं राहिलं. मग कामं वाटली.

सगळ्यात जास्त शिकलो ते सरावात. आम्ही एकमेकांचे भाग बदलून बोलायचो. आपला भाग पाठ असतो, त्यामुळे तो समजलाय असं वाटत राहतं. दुसऱ्याचा भाग सांगायला उभं राहिलं की खरं काय ते कळतं. कारणांचा भाग एका मित्राने "पाण्याच्या वजनाने जमीन हादरली" असा सांगितला. लगेच दुसऱ्याने विचारलं, मग उजनीला, जायकवाडीला एवढा भूकंप का झाला नाही? उत्तर कोणाकडेच नव्हतं. सरांकडे गेलो, ग्रंथालयात बसलो, तेव्हा उलगडा झाला. जमिनीखालच्या भेगांवर ताण आधीपासूनच असतो. पाणी फटींतून खोल उतरतं, खडकांतल्या पाण्याचा दाब वाढतो, भेगेच्या दोन बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी होतं आणि साठलेला ताण मोकळा होतो. म्हणजे मुळात तशी ताणलेली भेगच नसेल, तर नुसत्या पाण्याने मोठा भूकंप होत नाही. हा प्रश्न सरावात निघाला नसता तर आमचं अख्खं प्रेझेंटेशन एका चुकीच्या वाक्यावर उभं राहिलं असतं. म्हणून सांगतो, गटातल्या प्रत्येकाला संपूर्ण विषय दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे. तो येत नाही तोवर स्लाइडचे रंग निवडत बसू नका.

आकड्यांचं एक बघा. भूकंपाची तीव्रता कुठे 6.3 तर कुठे 6.5 दिलेली सापडते. दोन स्लाइडवर दोन आकडे आले की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. कोणता आकडा घ्यायचा हे गटाने मिळून ठरवा आणि तो कुठला आहे तेही बोलताना सांगा. शिवाय नुसतं 6.3 म्हटलं तर कोणाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आम्ही सांगितलं की 5.3 च्या भूकंपापेक्षा 6.3 च्या भूकंपात सुमारे 32 पट ऊर्जा बाहेर पडते. प्रेझेंटेशन झाल्यावर मुलांनी आम्हाला याच गोष्टीबद्दल विचारलं.

सुरुवात व्याख्येने करू नका. आमच्या गटातली एक मुलगी पाटण तालुक्यातली. त्या पहाटेची आठवण तिने आजीकडून ऐकली होती, ती तिने आजीच्याच बोलीत सांगितली: अंधारात मुलांना ओढून अंगणात काढलं, घरात पुन्हा पाय ठेवायची हिंमत होईना, थंडीत तसेच उघड्यावर बसून राहिले. त्यानंतर नकाशा लावला. धरण कुठे, पाटण कुठे हे बघायला सगळे आपणहून पुढे सरकले.

आता तांत्रिक गोष्ट, फार छोटी पण घात करणारी. मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचे चौकोन होतात किंवा जोडाक्षरं तुटतात. सगळ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करा, जोडणी एकानेच करा, एक प्रत पीडीएफमध्ये ठेवा आणि आदल्या दिवशी वर्गातल्याच संगणकावर उघडून बघा.

प्रश्नोत्तरांसाठी कोणत्या प्रश्नाला कोण उत्तर देणार ते आधी ठरवा. आम्हाला कोणीतरी 1993 च्या किल्लारी भूकंपाबद्दल विचारेल अशी खात्री होती, आणि तसंच झालं. त्याची तयारी ज्याच्याकडे होती तोच बोलला, बाकीचे गप्प राहिले. एकाच प्रश्नावर चौघं बोलायला लागले की चांगलं उत्तरही वाया जातं. येत नसेल तर "हे आम्ही तपासलेलं नाही" असं स्पष्ट सांगा, शिक्षक त्याचे गुण कापत नाहीत.

काम न करणाऱ्या सदस्याबद्दलही तुम्ही विचारलंय. त्याची तक्रार शिक्षकांकडे नेण्याआधी त्याला एकदा विचारा की यातलं काय करायला आवडेल. आमच्यातला एक जण बैठकांना फिरकायचा नाही. त्याला चित्रकला येते हे कळल्यावर भेगेचा आणि पाणी झिरपण्याचा छेद त्याच्याकडे दिला. तो त्याने फळ्यावर खडूने, बोलता बोलता काढून दाखवला, आणि त्या भागाला आम्ही स्लाइड ठेवलीच नाही.