आई दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला तयारच नाही

"मॅडम, आमच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला त्याला दीड वर्ष झालं. आई 72 वर्षांची आहे, बीपीचा त्रास आहे. दुसऱ्या कुणाकडे जायचं नावच काढत नाही. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणते, त्याही मनाने अर्ध्या करून घेते. समजावून झालं, रागावून झालं, एकदा मी रडलेसुद्धा. हा हट्ट सोडवायचा कसा?"

फोन चिपळूणच्या एका माहेरवाशिणीचा होता. समुपदेशक म्हणून हाच प्रश्न मला निरनिराळ्या घरांतून येत असतो. तालुक्याच्या गावांतले चाळीस-पन्नास वर्षं चाललेले दवाखाने आता एकेक करून बंद होतायत. डॉक्टर थकतात, मुलं शहरात स्थिरावलेली असतात, आणि ज्यांनी आयुष्यभर एकाच हाताचं औषध घेतलं ते पेशंट मागे राहतात. ही हकीकत त्या आईला, म्हणजे काकूंना, विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लेक त्यांना घेऊन आली. काकू खुर्चीच्या कडेला बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. घरच्या मशीनवर आदल्या दिवशी बीपी 176/100 आलं होतं. ते ऐकून मी घाबरले आणि त्या पहिल्या भेटीत चुकले. बीपी 140/90 च्या वर राहिलं तर काय होतं, गोळी मनाने कमी-जास्त करणं किती धोक्याचं आहे, काही गोळ्या तर एकदम बंद केल्या की हृदयावर उलटा ताण येतो, हे सगळं मी त्यांना सांगत बसले. बोलणं खरं होतं, पण ते त्यांच्या लेकीने आधीच दहा वेळा ऐकवलेलं होतं. काकू प्रत्येक वाक्याला "हो" म्हणाल्या. असा "हो" म्हणणारा माणूस काहीच करणार नसतो, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

जाताना एवढंच ठरवलं की त्याच आठवड्यात बीपी कुणीतरी तपासायचं, मग तो सरकारी दवाखाना का असेना. मनाची उकल होईपर्यंत गोळ्या थांबून चालत नाही. लेक त्यांना घेऊन गेली, गोळी पूर्ण सुरू झाली. पण पुढच्या तारखेला काकू गेल्या नाहीत.

दुसऱ्या भेटीला मी लेकीला बाहेर थांबायला सांगितलं. तिला ते रुचलं नाही. मग मी काकूंना डॉक्टरांबद्दल विचारलं. आजाराबद्दल एक शब्द काढला नाही.

त्या तासभर बोलत होत्या. डॉक्टर 1972 साली आले, नवीन लग्न झालेले. बाजारपेठेतली ती अरुंद खोली, बाहेरचं बाकडं, कंपाउंडरने बाटलीवर चिकटवलेली कात्री मारलेली कागदी पट्टी. एका खाचेएवढा डोस सकाळी, एका खाचेएवढा रात्री. "हाताला गुण होता हो त्यांच्या. निम्मा ताप तर बाकड्यावर बसल्यावरच उतरायचा."

मग 22 जुलै 2021 चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दवाखाना बुडाला. पाणी ओसरल्यावर डॉक्टर आणि कंपाउंडर यांनी चिखलातून केसपेपर वेचले आणि गच्चीवर सुतळीला लावून वाळवले. काकू मदतीला गेल्या होत्या. डॉक्टर शाईच्या पेनाने लिहायचे, ते सगळं वाहून गेलं. कंपाउंडरने शिसपेन्सिलीने घातलेले नंबर तेवढे राहिले. डॉक्टरांनी पुढे दीड-पावणेदोन वर्षं दवाखाना चालवला, पण त्यांचं मन त्यातून गेलं होतं. 2023 मध्ये ते मुलाकडे पुण्याला गेले.

काकूंनी पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढली. आत त्यांचा केसपेपर होता. जाड कागद, वाळून वाकडा झालेला, पसरलेल्या शाईचे निळसर डाग. कोपऱ्यात पेन्सिलीने 1147. बाकी काहीही वाचता येत नव्हतं.

"यात काय होतं, काकू?"

बराच वेळ त्या बोटाने एकच जागा दाखवत राहिल्या. "इथं."

1973 साली काकू 21 वर्षांच्या होत्या. पहिलं बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून झालं. मुलगा चांगला होता. सातव्या दिवशी तो दूध ओढेना, तोंड आवळून धरी, अंग ताठ करी. डॉक्टरांना बोलावलं तोवर उशीर झाला होता. दहाव्या दिवशी तो गेला. सासूबाई म्हणाल्या, हिच्या दुधातच दोष. घरात तो विषय तिथेच पुरला गेला. नंतर एक मुलगी, एक मुलगा झाला. त्यांना आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

महिन्याने काकू दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्यासमोर केसपेपरवर एक शब्द लिहिला आणि वाचून दाखवला: धनुर्वात. नाळ कापताना जंतू गेले, दुधाचा काही संबंध नाही. "कागदावर लिहिलंय बघ," म्हणाले.

त्या काळात हे घरोघरी घडत होतं. गरोदर बाईला धनुर्वाताची लस आणि स्वच्छ बाळंतपण, एवढ्यावर तो आजार हटत गेला आणि 2015 साली भारताने माता-बालकांच्या धनुर्वातावर मात केल्याचं जाहीर झालं. पण ज्या बायकांच्या मांडीवर ती बाळं गेली, त्यांना "तुझा दोष नव्हता" असं किती जणांनी सांगितलं असेल? काकूंना एकाने सांगितलं होतं, आणि तेही लिहून. पुरात तो शब्द गेला, मग सांगणारा माणूसही गावातून गेला.

"मग नवीन डॉक्टरांकडे काय झालं?" मी विचारलं. कारण एकदा तरी गेल्याशिवाय माणूस इतका अडून बसत नाही.

लेकीने त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथे फॉर्म भरताना विचारलं, बाळंतपणं किती? काकूंनी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "दोन." फॉर्मवर दोन लिहिलं गेलं. "मी गप्प बसले. माझ्या तोंडाने मी त्याला पुसला असं झालं," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्या आपणहून कुठे गेल्या नाहीत.

मी त्यांना सुचवलं, जुन्या डॉक्टरांना फोन करू या. मला वाटलं त्यांच्या तोंडून पुन्हा तो शब्द ऐकला की गाठ सुटेल. फोन लागला. डॉक्टरांनी आवाज ओळखला, सासूबाईंचा दमा आठवला, "झोप लागते का?" हेही विचारलं. पण बाळाचं त्यांना आठवेना. ऐंशीच्या घरातला माणूस, हजारो घरांची दुखणी पाहिलेला. काकूंनी शांतपणे फोन ठेवला.

पुढच्या खेपेला त्या एकट्या आल्या, रिक्षाने. म्हणाल्या, "आता ते माझ्या एकटीकडेच उरलं. मी गेले की गेलंच." मग आपणहून म्हणाल्या की नवीन डॉक्टरांना सांगेन. लेकीला आधी सांगायचं का, असं मी विचारलं. "तिला तिथंच ऐकू दे. मला दोनदा सांगणं जमायचं नाही."

मी लेकीला गुपित सांगितलं नाही. एवढंच म्हटलं: या वेळी आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईला देऊ दे, कितीही वेळ लागला तरी. हे मी प्रत्येक मुलाला-सुनेला सांगते. आपण घाईने, प्रेमानेच, त्यांच्या वतीने बोलतो आणि तपासणीची खुर्ची त्यांची राहत नाही. शक्य असेल तर डॉक्टरांपाशी दोन मिनिटं त्यांना एकटं सोडावं. आणि तुमच्या गावातला जुना दवाखाना अजून चालू असेल तर आजच डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्या: आजार, गोळ्या, कशाची ॲलर्जी, आणि आई-वडिलांना जे लिहावंसं वाटतं ते. नव्या डॉक्टरांची पहिली भेट तब्येत बरी असतानाच होऊ द्या. तापाने फणफणलेल्या माणसाला अनोळखी हात नकोसाच वाटतो.

गावातल्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे दुपारची, गर्दी नसलेली वेळ घेतली. पुढचं मला लेकीने फोनवर सांगितलं, अडखळत.

"बाळंतपणं किती, आजी?"

"तीन. पहिला दहाव्या दिवशी गेला."

डॉक्टरबाईंनी कीबोर्डवरचा हात काढला. "दूध ओढत नव्हता का? जबडा आवळायचा?"

"हो."

"नाळेतून धनुर्वात झाला असणार. तुमच्या हातात काहीच नव्हतं, आजी." आणि मग टाइप केलं. काकूंनी पडद्याकडे बोट करून विचारलं, "लिहिलंत?" डॉक्टरबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

बाहेर पायरीवर लेकीने विचारलं, "आई, नाव काय होतं गं त्याचं?"

"बारशाला दोन दिवस होते."

दोघी तिथेच बसून राहिल्या. मग काकू उठल्या, शेजारच्या मेडिकलमध्ये गेल्या आणि नवी चिठ्ठी स्वतः पुढे केली. "महिन्याच्या द्या. पूर्ण."